किती वाजता चावला?

एमडीच्या थिसिसचे विषय ठरवायची वेळ आली की आमच्या विभागात एक प्रश्न हमखास कानावर येतो, "मॅडम, प्रोफाइलच घेऊ का?" प्रोफाइल म्हणजे 'क्लिनिकल प्रोफाइल अँड आउटकम ऑफ अमुक इन अ टर्शरी केअर सेंटर'. अमुकच्या जागी सर्पदंश घाला, कीटकनाशकाची विषबाधा घाला, नाही तर मोटरसायकलवरून पडलेले घाला, बाकीचं शीर्षक जसंच्या तसं. सीनिअरच्या पेन ड्राइव्हमधून जुना सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, निघतो, साल बदलतं, गाईडचं नाव बदलतं आणि प्रकरण इथिक्स कमिटीकडे रवाना होतं. दोन पावसाळे उलटले की मास्टर चार्ट, म्हणजे सगळ्या रुग्णांच्या माहितीचा तक्ता, संख्याशास्त्राच्या सरांकडे जातो, तिथून पी-व्हॅल्यू, म्हणजे फरक योगायोगाचा नाही ना हे सांगणारा आकडा, घेऊन परत येतो, आणि मग त्यावर काळं रेक्झिन आणि सोनेरी अक्षरं चढतात. ग्रंथालयाच्या कपाटात असे थिसिस ओळीनं उभे आहेत. ते उघडून बघणारा एकच वाचक असतो, पुढच्या वर्षीचा रेसिडेंट. आणि तोही सिनॉप्सिसपुरताच.

मी विदर्भातल्या ग्रामीण भागातल्या एका शिकवणाऱ्या रुग्णालयात इमर्जन्सी मेडिसिन, म्हणजे तातडीच्या उपचारांचा विषय, शिकवते. पोरांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. विषयच मुळात कोवळा आहे. मेडिकल कौन्सिलनं इमर्जन्सी मेडिसिनला स्वतंत्र विषय म्हणून मान्यता दिली ती २००९ साली, त्यामुळे आम्ही बरेचसे गाईड मेडिसिन, सर्जरी नाही तर भूलशास्त्राच्या अंगणातून इकडे आलेलो. आणि संशोधनाच्या शिक्षणाला कागदावर काहीच कमी नाही. थिसिस सक्तीचा आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्थेचा ऑनलाइन कोर्स एमडीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला करावा लागतो, त्याची परीक्षा द्यावी लागते. कोर्स चांगला आहे, मी स्वतः त्यातली व्याख्यानं ऐकली आहेत. कोहॉर्ट कशाला म्हणतात, सॅम्पल साइज कसा काढायचा, बायस कुठून शिरतो, सगळं नीट समजावून सांगतात. पण तो कोर्स पास झालेला रेसिडेंट दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर येतो, साप चावलेल्या माणसाच्या केसपेपरवर 'एच/ओ स्नेक बाइट टुडे', म्हणजे आज साप चावला, असं लिहितो आणि पुढच्या बेडकडे वळतो.

टुडे! सकाळी सहा की रात्री अकरा? मला वाटतं, इमर्जन्सीतल्या संशोधनाचं शिक्षण या 'टुडे'पाशी सुरू व्हावं. पी-व्हॅल्यू काय, नंतरही शिकता येते.

आता हे जरा पटवून द्यायला हवं, नाही तर बाई नुसत्या रजिस्टरवर घसरल्या असं वाटेल.

२०१० साली 'क्रॅश-२' नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. ४० देशांतली २७४ रुग्णालयं, २०,२११ जखमी माणसं. त्यात भारतातलेही पुष्कळ रुग्ण होते. रक्तस्राव होत असलेल्या जखमीला ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे स्वस्तातलं इंजेक्शन दिलं तर मृत्यू कमी होतात, असं दिसलं. पुढच्या वर्षी त्याच माहितीची वेळेप्रमाणे फोड केली, तेव्हा खरी मेख कळली. अपघातापासून तीन तासांच्या आत दिलं तर फायदा. तीन तासांनंतर दिलेल्यांत रक्तस्रावानं होणारे मृत्यू उलट वाढलेले. औषध तेच, डोस तोच, फरक फक्त वेळेचा. आता भामरागडकडे ट्रॅक्टर उलटतो. तिथून ग्रामीण रुग्णालय, तिथून गडचिरोली, तिथून नागपूर. प्रत्येक ठिकाणी केसपेपरवर एक वेळ ठळकपणे लिहिलेली असते, ती म्हणजे माणूस तिथे पोचल्याची. त्याचे तीन तास मात्र ट्रॅक्टर उलटला त्या क्षणी सुरू झालेले असतात. आमचं घड्याळ दारात सुरू होतं आणि रुग्णाचं शेतात.

दुसरं उदाहरण आमच्या रोजच्या धंद्यातलं. ओपी, म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकाची विषबाधा. ॲट्रोपिन या नेहमीच्या उताऱ्याबद्दल वाद नाही. वाद आहे पॅमबद्दल, म्हणजे प्रॅलिडॉक्झिम या दुसऱ्या उताऱ्याबद्दल. महाराष्ट्रातल्याच बारामतीत २०० रुग्णांवर झालेली एक चाचणी २००६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. सतत चालणाऱ्या सलाइनमधून मोठ्या डोसात पॅम दिलेल्या गटात मृत्यू एक टक्का, अधूनमधून इंजेक्शन दिलेल्या गटात आठ टक्के. एका तालुक्याच्या गावी केलेलं काम जगभर वाचलं गेलं. तीनच वर्षांनी श्रीलंकेतली २३५ रुग्णांची चाचणी आली, आणि तिच्यात पॅमचा काहीच फायदा दिसला नाही, मृत्यू पॅम दिलेल्या गटातच थोडे जास्त. मग खरं कोण? पोरं विचारतात आणि अपेक्षा असते की मी एकाच्या बाजूनं निकाल द्यावा. मी त्यांना दोन्ही पेपर समोर ठेवून रुग्ण किती तासांनी पोचले ते शोधायला लावते. बारामतीचे रुग्ण बऱ्यापैकी लवकर आलेले होते. विष बसल्यावर शरीरातलं कोलिनएस्टरेज, म्हणजे मज्जातंतूंच्या कामाला लागणारं विकर, काही काळानं कायमचं बाद होतं, मग पॅम ओता नाही तर पाणी. हा काळ कीटकनाशकागणिक वेगळा. डायमिथाइल गटातल्या कीटकनाशकांत, म्हणजे आपलं मोनोक्रोटोफॉस, डायमेथोएट, चार-एक तासांत निम्मं काम तमाम. क्लोरपायरीफॉससारख्या डायइथाइल गटात तोच काळ दिवसभराहून जास्त. म्हणजे प्रश्न दोनच: कुठलं कीटकनाशक, आणि किती वाजता? हे दोन रकाने कोरे ठेवून तुम्ही पॅमवर थिसिस लिहिलात तर तो बारामतीच्या बाजूनंही जात नाही आणि श्रीलंकेच्याही नाही. तो कपाटात जातो.

हे वेळेचं वेड ज्यांनी महाराष्ट्राला लावलं ते डॉ. हिंमतराव बावस्कर. एमबीबीएस आमच्या नागपूरचे, काम महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. विंचू चावलेल्या पोरांच्या उशाशी रात्र-रात्र बसून ते नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारवा तासातासाला टिपत राहिले. मशीन नाही, प्रयोगशाळा नाही. १९८२ साली त्यांचं निरीक्षण लॅन्सेटनं छापलं. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरायला लागल्यावर कोकणात तांबड्या विंचवानं होणारे मृत्यू पंचवीस-तीस टक्क्यांवरून एखाद्या टक्क्यावर आले. त्यांनी मांडलेला प्रश्न साधा होता, चावल्यानंतर कितव्या तासाला काय होतं? तेवढं ठाऊक झालं म्हणून औषध कुठे शिरवायचं ते कळलं. सरकारी दवाखान्यात, एकट्यानं, ओपीडी सांभाळून. त्यामुळे 'मॅडम, आपल्याकडे सोयी नाहीत' हे वाक्य माझ्यापुढे चालत नाही. निदान विंचवापुरतं तरी नाही.

विदर्भात संशोधन म्हटलं की लोक शोधग्रामचं नाव घेतात, आणि ते रास्तच आहे. गडचिरोलीतल्या नवजात बाळांच्या घरगुती काळजीचा १९९९चा अभ्यास आजही जगात शिकवला जातो. पण ते गावात जाऊन केलेलं संशोधन. घराघराची मोजणी, वर्षानुवर्षांचा पाठपुरावा. कॅज्युअल्टीची गोष्ट निराळी. इथे माणूस आपण शोधत जात नाही, तो आपल्या अंगावर येऊन पडतो. पहिल्या दहा मिनिटांत त्याची नस शोधायची, श्वासनळी सांभाळायची, नातेवाइकांना शांत करायचं, पोलिसांना एमएलसी, म्हणजे कायद्याशी संबंध येणारी केस, कळवायची. त्या दहा मिनिटांत जे विचारलं नाही ते पुढे कधीच कळत नाही. मेडिसिनच्या वॉर्डात उद्या सकाळी राउंडला विचारता येतं. आमच्याकडे उद्या सकाळी तो माणूस नागपूरला गेलेला असतो, आयसीयूत नळी घातलेला असतो, नाही तर शवागारात.

मागे कोल्हापूरकडचा एक रेसिडेंट आमच्याकडे होता. हुशार पोरगा, पण वऱ्हाडी बोलणं सुरुवातीला त्याच्या डोक्यावरून जायचं. ओलिताचे दिवस होते. पांढरकवड्याच्या बाजूच्या एका खेड्यातून रात्री एक माणूस आला, पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला, हिरड्यांतून रक्त. "परड होता जी," सोबतच्या भावानं छातीठोकपणे सांगितलं. परड म्हणजे घोणस, एवढं तोवर याला माहीत झालं होतं. यानं विचारलं, किती वाजता चावला?

"टाइम नाई पायला जी. सांजच्याले."

"सांजचं म्हणजे किती वाजता?"

"ढोरं घरी आले होते."

यानं कपाळाला हात लावला आणि इंग्रजीत 'वेळ माहीत नाही' असं लिहायला पेन टेकवलं. स्ट्रेचरच्या डोक्याशी आमचे मामा उभे होते. मामा म्हणजे आमचे वॉर्डबॉय, नोकरीची शेवटची काही वर्षं उरलेली, घरची चार एकर. ते सहज बोलल्यासारखे म्हणाले, "मुक्कामी गाडी आलती का गावात?"

"नाई, गाडी मंग आली. आमी याले घेऊन पुलापाशी होतो, तवा गाडी भेटली."

"अन् लाइन?"

"लाइन नुकतीच आलती. मोटर चालू कराले गेला होता थो."

मामा याच्याकडे वळून म्हणाले, "सायेब, सहा-सातच्या मंधात लिवा." मामांचं गाव त्याच फिडरवरचं. शेतीपंपाची वीज कुठल्या आठवड्यात दिवसा आणि कुठल्या आठवड्यात रात्री, हे त्यांना पाठ. मुक्कामी एसटी त्या पुलावर किती वाजता येते तेही पाठ. आमचा रेसिडेंट त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिला.

मला त्या पोराचं कौतुक याचं की त्यानं ते तिथेच सोडून दिलं नाही. त्यानं मामांना घेऊन एक तक्ता तयार केला आणि रजिस्टरच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवला. कुठल्या रस्त्यावरची मुक्कामी गाडी किती वाजता, कुठल्या फिडरला रात्रीची लाइन कधी, दुधाची गाडी कधी, शाळा कधी सुटते, गायकी, म्हणजे गुराखी, ढोरं कधी घेऊन येतो. ढोरांची वेळ पावसाळ्यात वेगळी आणि हिवाळ्यात वेगळी, तेही त्यानं दोन रकान्यांत लिहिलं. मी त्यात एकच भर घातली. एक वेळ लिहायची नाही, दोन लिहायच्या: लवकरात लवकर किती वाजता असेल आणि उशिरात उशिरा किती. 'सहा ते सात' हे प्रामाणिक आहे, 'साडेसहा' ही थाप आहे. संख्याशास्त्रात असल्या दोन टोकांमधल्या वेळा हाताळायच्या रीतसर पद्धती आहेत, सर ते बघून घेतात. आपण नुसता खरा आकडा द्यायचा.

त्याला संशोधनाचं शिक्षण म्हणायचं का, असं एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं मला चहाच्या टेबलावर विचारलं. हेच तर, मी म्हटलं. माहिती कुठे आहे, कुणाकडे आहे, ती किती विश्वासाची आणि तिच्यातली चूक किती मोठी, एवढं त्याला एका रात्रीत कळलं. मेथड्सच्या पुस्तकात या धड्याला 'मेझरमेंट' म्हणतात आणि पोरं ते प्रकरण झोपेत वाचतात.

याच धाटणीची दुसरी गोष्ट काचेच्या नळीची. विषारी साप चावलेल्या माणसाचं रक्त गोठतंय की नाही, हे बघायची सगळ्यात स्वस्त तपासणी: कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिली ताजं रक्त घ्यायचं, न हलवता वीस मिनिटं ठेवायचं आणि मग एकदाच तिरकं करून बघायचं. गोठलं नसेल तर प्रतिविष सुरू. सहा तासांनी पुन्हा तेच. पीएचसीतही होते, वीज नको, यंत्र नको. एका मुलीला, मूळची अकोल्याची, या तपासणीची प्रयोगशाळेतल्या आयएनआरशी, म्हणजे रक्त गोठण्याच्या यंत्रावरच्या तपासणीशी, तुलना करायची होती. छान विषय. मी तिला म्हटलं, आधी आपली वीस मिनिटं किती मिनिटांची असतात ते बघ.

ती बघत बसली. सिस्टर नळी भरून सिंकशेजारच्या ओट्यावर ठेवायच्या, चिकटपट्टीवर वेळ लिहायच्या. तेवढ्यात छातीत दुखणारा एखादा यायचा, मग सगळे तिकडे. नळीकडे परत कुणाचं लक्ष गेलं तर अर्धा-पाऊण तास झालेला. उलट कधी नातेवाईक घाई करायचे, "बाई, पायता का जरा," म्हणून दहाव्या मिनिटालाच नळी उचलून हलवलेली. कधी काचेची नळी संपलेली म्हणून प्लास्टिकची. कधी काचेचीच, पण वापरलेली, साबणाच्या पावडरनं धुतलेली. काचेला रक्त लागतं म्हणून गोठायची क्रिया सुरू होते, प्लास्टिकला आणि साबणाचा थर राहिलेल्या काचेला ते जमत नाही. मग ज्याचं रक्त धडधाकट गोठलं असतं त्याचंही पातळ दिसतं आणि माणसाला दहा व्हायल प्रतिविष जातं. प्रतिविष काही गोळी-बिस्किट नव्हे. रिॲक्शन आली तर ॲड्रेनॅलिन हातात घेऊन उभं राहावं लागतं.

तिनं बाजारातून स्वयंपाकघरातला टायमर आणला, दोरीनं ओट्याला बांधला. नव्या काचेच्या नळ्यांचा वेगळा डबा केला, त्यावर मराठीत लिहिलं, 'सापासाठीच. धुऊ नये.' पहिल्या आठवड्यात टायमर कुणीतरी डब्यासकट कपाटात बंद करून ठेवला, किल्ली दिवसपाळीच्या इन्चार्ज सिस्टरकडे. मग तेही निस्तरलं. आता टायमर वाजला की ज्याच्या जवळ असेल तो नळी बघतो आणि वेळ लिहितो. इथिक्स कमिटीतल्या बाहेरच्या एका सदस्यानं विचारलं, यात नावीन्य काय? प्रश्न चुकीचा नाही, पण आमच्या भागात तो विचारणं मला भूषणावह वाटत नाही. आयएनआरशी तुलना करून आलेला आकडा कितीही देखणा असता, तरी तो साबणाच्या पावडरीचा असता.

कोऱ्या रकान्यांबद्दल एक गोष्ट पुस्तकात असते, पण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही. कागद सगळ्यांचे सारखे कोरे नसतात. ज्याला पायावर नुसते ओरखडे आहेत त्याची हकिगत पानभर असते, कारण तो स्वतः बोलतो आणि रेसिडेंटलाही वेळ असतो. जो निपचित आला, ज्याला लगेच श्वासासाठी नळी घातली, त्याचा कागद सगळ्यात रिकामा. मग मास्टर चार्ट करताना 'माहिती अपूर्ण' म्हणून याच ओळी गाळल्या जातात. मेलेले गाळून उरलेल्यांचा अभ्यास करायचा आणि आमचा मृत्युदर कमी म्हणायचं! मण्यारीचे रुग्ण असेच निसटतात. जमिनीवर झोपलेल्याला रात्री चावते, खूण दिसत नाही, सूज नाही, पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात. घरच्यांना साप माहीतच नसतो, तर वेळ कुठून सांगणार.

आणि आमच्यापर्यंत येतात तरी किती? देशभरातल्या मृत्यूंची घरोघर जाऊन चौकशी करणाऱ्या मोठ्या अभ्यासातून २०११ साली सर्पदंशाचे आकडे आले. एका वर्षात सुमारे ४६ हजार मृत्यू, त्यातले ९७ टक्के ग्रामीण, आणि जेमतेम २३ टक्के रुग्णालयात झालेले. पुढच्या हिशेबात २००० ते २०१९ या काळात बारा लाख. म्हणजे रुग्णालयाच्या रजिस्टरवरून सर्पदंश समजून घेणं हे चौथ्या हिश्शाहून कमी माणसांवरून बाकीच्यांचा अंदाज बांधणं आहे. प्रोफाइल लिहिणाऱ्या प्रत्येकाला मी हा आकडा पहिल्या पानावर लिहायला लावते. त्यानं शीर्षकातला रुबाब आपोआप उतरतो.

रुग्णालयातून निसटणारे वेगळेच. 'डामा' म्हणजे डॉक्टरांचा सल्ला डावलून घरी नेलेला माणूस. मास्टर चार्टमध्ये त्याचं पुढे काय झालं ते नाही. तो घरी मेला की मांत्रिकाकडे बरा झाला की नागपूरला खासगीत गेला? फोन करावा तर नंबर १०८ वाल्याचा, नाही तर शेजारच्या पोराचा, ज्यानं नंतर सिम बदललं. आमची पोरं आता दोन नंबर घेतात आणि तिसरा गावच्या आशाताईंचा. आशाताईंना सगळं ठाऊक असतं.

संमतीपत्राबद्दल थोडक्यात. चार पानी फॉर्म, मराठी शुद्ध, 'कोणत्याही दबावाविना स्वेच्छेने'. रात्री दोन वाजता तो पुढे केला की पहिला प्रश्न येतो, "सही कायले पायजे जी? पेशंट लय सिरियस हाय का?" कॅज्युअल्टीत सही म्हणजे धोका, हे लोकांच्या डोक्यात पक्कं आहे, आणि ते आम्हीच बसवलंय. बायको समोर उभी असते, सही दीर करतो. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत आणीबाणीच्या प्रसंगी इथिक्स कमिटीच्या परवानगीनं आधी उपचार आणि सावरल्यावर संमती, अशी वाट ठेवलेली आहे. रेसिडेंटना ती माहीत नसते, कमिट्यांना ती नको असते, कारण कागद लवकर पूर्ण झालेला बरा. मला विचाराल तर संमती घ्यायला शिकवणं म्हणजे फॉर्म भरायला शिकवणं नव्हे, आणि या एका बाबतीत आमची परीक्षापद्धत पार गंडलेली आहे. व्हायव्हामध्ये, म्हणजे तोंडी परीक्षेत, संशोधनाच्या नीतिनियमांच्या हेलसिंकी जाहीरनाम्याचं वर्ष विचारतात.

विषबाधेत तर हकिगतच वाकडी येते. स्वतः घेतलं असेल तर "फवारताना नाकातोंडात गेलं" सांगतात, पोलिसांची भीती, सोयरिकीची भीती. आणि खरोखर फवारताना बाधा झालेल्याकडे दवाखानाही संशयानं बघतो. २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दाखल झाले, सरकारनं विशेष तपास पथक नेमलं. कपाशी त्या वर्षी डोक्याबरोबर वाढलेली, फवारा तोंडावर यायचा, एका पंपात दोन-तीन औषधं कालवलेली. रुग्णाला विचारलं कुठलं औषध, तर तो सांगायचा, "दुकानदारानं देल्लं थे." त्या वर्षीचा विचार मनात आला की मला एकच वाटतं. अशी वाढ बातमी व्हायच्या आधी रजिस्टरात दिसते. आठवड्याला किती, कुठल्या गावचे, डबा कुठला, एवढे तीन रकाने दर सोमवारी कुणी जोडून बघितले तर जिल्ह्याच्या कुठल्याही कॅज्युअल्टीतला पहिल्या वर्षाचा रेसिडेंट तालुका कृषी अधिकाऱ्याला फोन करू शकतो. यात कसली पी-व्हॅल्यू? पण माझ्या मते इमर्जन्सीवाल्यानं करायचं सगळ्यात मोलाचं संशोधन हेच. आता आमच्याकडे फवारणीच्या दिवसांत नातेवाइकाला डबा आणायला परत पाठवतात, आणि त्या डब्याचा मोबाइलवर काढलेला फोटो केसपेपरच्या नंबरासकट ठेवतात. फोटोत घटकाचं नाव वाचता आलं पाहिजे, नुसतं चित्र नको. हा नियम फार उशिरानं सुचला, कारण सुरुवातीच्या फोटोंत सगळीकडे हिरवी बोंडअळीच दिसायची.

जिल्हा रुग्णालयातली तीन महिन्यांची सक्तीची पोस्टिंग पोरांना शिक्षा वाटते. मला ती संधी वाटते. मोठ्या रुग्णालयात आलेला रेफरचा कागद त्यांनी आजवर फक्त या टोकानं वाचलेला असतो: 'एएसव्ही (म्हणजे सापाचं प्रतिविष) दिले, पुढील उपचारासाठी रेफर'. किती वाजता दिलं, किती व्हायल, त्याआधी नळी ठेवली होती का, काही नाही. जिल्ह्याला गेल्यावर तोच कागद त्यांना स्वतःला लिहावा लागतो, दारात ॲम्ब्युलन्स चालू, मागे तीन रुग्ण. एकानं तिथून मला फोन करून सांगितलं, "मॅडम, आता कळलं वेळ का लिहीत नाहीत. भिंतीवर घड्याळच नाही." त्यानं स्वतःच्या पैशानं घड्याळ घेऊन लावलं.

माझी मागणी फारशी मोठी नाही. प्रवेशाचं वेळापत्रक हल्ली दरवर्षी पुढेमागे होतं, पण सिनॉप्सिस प्रवेशानंतर सहा महिन्यांच्या आत मागतात. बऱ्याच बॅचच्या नशिबी हे सहा महिने पेरणीच्या आधीच संपतात. ज्यानं अजून एकही खरीप आमच्या कॅज्युअल्टीत काढलेला नाही, जुलैतले साप पाहिले नाहीत, सप्टेंबरातली फवारणी पाहिली नाही, त्यानं विषय निवडायचा तरी कशावरून? तो पेन ड्राइव्हच उघडणार. विद्यापीठानं पदवीला तीन वर्षं दिलीच आहेत, तर विषय सोयाबीन सोंगून होईपर्यंत मागू नये. मे महिन्यात ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडून येणारे उष्माघाताचे रुग्ण पाहिलेल्याला वेगळे प्रश्न पडतील, मोहफुलं वेचताना अस्वलानं फाडलेला माणूस पाहिलेल्याला वेगळे.

हे मी एका बैठकीत मांडलं. उत्तर मिळालं की सिनॉप्सिस भरायचं ऑनलाइन पोर्टल तारखेला बंद होतं. पोर्टलशी वाद घालता येत नाही, म्हणून आम्ही विभागात एक पळवाट काढली आहे. सिनॉप्सिस वेळेत जातो, तो बहुधा प्रोफाइलचाच असतो. आणि त्याच्या शेजारी प्रत्येकाची एक दोनशे पानी वही असते, तिच्यात ड्यूटीवर पडलेला प्रश्न त्याच दिवशी, वेळ घालून लिहायचा. दिवाळीनंतर आम्ही त्या वह्या उघडून बसतो आणि सिनॉप्सिसमध्ये दुरुस्तीचा अर्ज करता येईल असा प्रश्न कुणाच्या वहीत सापडतो का ते बघतो. बहुतेकांच्या वहीत नसतो. गेल्या खेपेला एकीच्या वहीत सलग तीन पानं फक्त ॲट्रोपिनचा साठा रात्री किती वाजता संपतो यावर होती. फार्मसीवाले तिच्यावर नाराज आहेत. तिचा अर्ज आम्ही पाठवला आहे.